पाचांत शरणम्मा

येरमाळ्यात हमरस्त्याला लागून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सलून होतं आणि सलूनच्या पाठीला चिकटून आमचं घर. मध्ये भिंत नव्हतीच, गोणपाटाचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे माय भाकरी थापायची, पलीकडे अण्णा पट्ट्यावर वस्तरा फिरवायचे आणि दोन्हींची थपथप एकमेकींत मिसळून जायची. त्यात ट्रकांचे हॉर्न, एसटीची घंटी, डोंगरावरच्या येडाई देवीला निघालेल्या बायकांची गाणी. मी पडद्याला पाठ लावून अभ्यास करायची. अभ्यासाला शांतता लागते म्हणतात, पण मला अजूनही अगदी शांत खोलीत बसवलं तर वाचलेलं डोक्यात शिरत नाही. माय आमटीसाठी येसराचा मसाला भाजायला लागली की त्याचा वास पडद्यातून पलीकडे जायचा आणि गालाला साबण फासून बसलेलं एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, दाढी ऱ्हाऊ द्या, आधी जेवायला वाढा." यातले काही खरोखरच जेवून जायचे. माय कुरकुरायची आणि कुरकुरत एक भाकरी जास्त टाकायची.

मायचं माहेर बार्शीचं. लग्नाआधी तिनं टॉकीजमध्ये भरपूर पिक्चर पाहिले होते आणि चौथीपर्यंत शाळाही केली होती. या दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच अभिमान होता. अण्णांचं मात्र दोन्हीकडे शून्य. शाळा दुसरीत सुटली, आणि पिक्चरचं म्हणाल तर लग्नानंतर मायनं हौसेनं त्यांना बार्शीला नेलं, तर दिवे गेल्याबरोबर अण्णा झोपले ते दिवे आल्यावर उठले. अंधार झाला की अण्णांना झोप लागायची आणि टॉकीजवाले दिवे घालवल्याशिवाय पिक्चर दाखवत नाहीत, त्याला कोण काय करणार? चैत्री पुनवेच्या जत्रेत तंबूचा पिक्चर यायचा, तिथंही तीच गत. माय म्हणायची, "ह्यांना पिच्चरला न्यायचं म्हंजी तिकीट काढून झोपवायचं."

पण पिक्चरची जेवढी माहिती अण्णांना होती तेवढी त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला नसेल. कारण अण्णा पिक्चर ऐकायचे. आमचं दुकान गाड्या थांबायच्या त्याच जागी. कुणी सोलापूरकडून आलेला, कुणी औरंगाबादकडून, कुणी मुंबईहून सुटीवर. खुर्चीवर बसला, गळ्याभोवती कापड आलं, की अण्णा विचारायचे, "काय मग, कुठला बघितलाव?" बस्स. माणूस सुरू व्हायचा. एकच पिक्चर दहा जणांच्या तोंडून दहा तऱ्हेनं ऐकून अण्णांना तो पाठ व्हायचा. अण्णांचं म्हणणं असं, की बघणारा पिक्चर एकदाच बघतो, सांगणारा पुन्हा एकदा बघतो, आणि दुसऱ्या खेपेचंच खरं.

त्यांनी यातून एक शास्त्रच काढलं होतं. सांगताना जो माणूस हात उडवतो, खुर्चीत उसळतो, ज्याला दोनदा सांगावं लागतं की बाबा हलू नको कान कापला जाईल, त्याचा पिक्चर चालणार. पण चालणार म्हणजे बक्षिसाचा नव्हे. बक्षिसाच्या पिक्चरची खूण वेगळी. गळ्यावर वस्तरा असताना, बोलता बोलता माणूस मधेच गप्प होतो आणि त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर होते. आवंढा गिळतो तो. "तोंड खोटं बोलंल, डोळं खोटं बोलतील," अण्णा म्हणायचे, "पण वस्तऱ्याखाली घाटी खोटं बोलत न्हाय. तिला जिवाची भीती असती." आमच्या घरात मग पिक्चरचे दोनच प्रकार झाले. हाताचा आणि घाटीचा.

हे शास्त्र नुसतं घरात राहिलं असतं, पण दुकानात सिनेमाचं एक साप्ताहिक यायचं. बार्शी गाडीचा कंडक्टर ते आणून द्यायचा, त्याची दाढी त्या बदल्यात. त्या साप्ताहिकात दर हिवाळ्यात एक कुपन छापून येई, 'ओळखा पाच'. मुंबईत सिनेमाची ती मोठी बक्षिसं देतात, त्यात सगळ्यांत चांगल्या पिक्चरच्या बक्षिसासाठी आधी पाच नावं निवडतात. ती पाच कोणती, हे यादी जाहीर व्हायच्या आत ओळखून पाठवायचं. पाचही जुळली तर सोहळ्याचं बोलावणं, दोघांसाठी. साप्ताहिकात त्याला नामांकन म्हणत. आमच्याकडे हा शब्द कुणाच्या जिभेला वळेना. 'पाचांत बसणं' असं आम्ही म्हणायचो. अण्णा नावं सांगायचे, मी कुपन भरायची. तीन वर्षं ओळीनं आमची चार-चार जुळली. पाचवं काही साधेना. शेजारचे किराणा दुकानवाले काडाप्पा शेठ दिवसाआड दाढीला यायचे, ते म्हणायचे, "भानुदासा, पाचवा तुझ्या नशिबात न्हाय. चारात सुख मान."

हल्ली माझी नात पुण्याहून दर हिवाळ्यात मला फोनवर अशीच यादी पाठवते. कुणी कुणी तर वर्षभर तेच काम करतात म्हणे, अमुक पिक्चरची शक्यता इतकी, तमुकची तितकी. ती विचारते, "आजी, तुझे पाच कोणते?" मी तिला म्हणते, मला कुणीतरी तोंडानं सांगा, मग बघते. ती हसते. तिला वाटतं मी चेष्टा करते.

मी दहावीला होते त्या हिवाळ्यात मामा बार्शीहून स्थळ घेऊन आला. मुलाचं बार्शीत दोन खुर्च्यांचं सलून, घरात सासू-सासरे, एक दीर. मुलगा सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. मामाला खोटं बोलण्याची सवय नव्हती, स्थळ चांगलंच होतं. "दाजी, मार्चात तिची परीक्षा होऊ द्या, एप्रिलात बार उडवून टाकू," मामा म्हणाला. "पुढं कळंबला कालेजात धाडून करायचंय काय? वस्तरा चालवाया बीए लागतंय का?" अण्णा हसले. त्यांना मामाचं पटतही होतं आणि पटत नव्हतंही. भरलेल्या वर्गात बाईंनी पाठ थोपटलेली पोरगी आहे, हे त्यांना माहीत होतं. पण मामा शहरातला, चार माणसांत उठबस असलेला. आपण रस्त्याकडेचे न्हावी, आपल्या मनात येतं ते शहाणपण की लेकीची माया, हे अण्णांना कळेना. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मामा जाताना म्हणाला, "संक्रांत झाल्यावर येतो. तवा मला एक काय ते सांगा."

मी पडद्याआड बसून सगळं ऐकलं. मला कळंबला जायचं होतं. ते कुणाला सांगायचं असतं हे मात्र माहीत नव्हतं. आमच्या वेळी मुलींना काय पाहिजे हे मुली सांगत नसत, घरच्यांनी ओळखायचं असे, आणि घरच्यांचंही कधी चार जुळायचं, पाचवं राहायचं.

त्याच आठवड्यात गुरप्पा ड्रायव्हर आला. आळंदकडचा, कर्नाटकातला माणूस. तुरीची डाळ भरून जालन्याला जायचा आणि जाताना आमच्या दुकानासमोर ट्रक लावून दाढी करायचा. महिन्यातून एकदा, कधी दीड महिन्यानं. गप्प माणूस. अण्णांनी आजवर त्याला नेहमीचा प्रश्न विचारला की तो नुसती मान हलवायचा. त्या दिवशी मात्र अण्णांनी विचारल्यावर तो म्हणाला, "बगिटलो एक." मी भूगोलाचं पुस्तक खाली ठेवलं.

"एक डायवर ऱ्हातो बगा अण्णा," तो सांगू लागला. "त्येला एकच लेक. लई हुशार. शाळेत पयली. ह्यो डायवर अडाणी, तर गाडीत बसून ती त्येला पाट्या वाचून दाखवती. ह्ये गाव आलं, त्ये गाव आलं. मग नात्यातलं पोरगं येतंय. भावकी म्हणती दिऊन टाक. देतो. पंधरा वर्साची पोर." इथं तो थांबला. "मग?" अण्णा म्हणाले. "मग तिचं सासरचं गाव रस्त्यावरच ऱ्हातंय. ह्यो जातायेता थांबतो. हॉर्न दिला की ती तांब्या घिऊन येती. पाणी देती. बोलत न्हाय." "रागं हाय?" "न्हाय ओ. राग न्हाय. रडत बी न्हाय. नुसतं बोलत न्हाय. बोलायसारखं काय ऱ्हायलंच न्हाय तिच्याकडं. ह्यो पाणी पितो. जातो." "आन् शेवट?" अण्णांनी विचारलं. "शेवट काय न्हाय. पाणी पिऊन गेला. संपलं."

वस्तऱ्याचा आवाज थांबला. मी पडदा बोटभर सरकवला. गुरप्पाची मान मागे टेकलेली, अर्ध्या गळ्यावर साबण, आणि अण्णांनी वस्तरा उचलून हात बाजूला धरला होता. ते गुरप्पाच्या घाटीकडे बघत होते. तीस वर्षांत अण्णांचा वस्तरा अर्ध्या दाढीत असा कधी थांबला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणलाव पिच्चरचं?" गुरप्पा उघड्या दारातून बाहेर रस्त्याकडं बघत होता. "शरणम्मा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना अण्णा घास हातात धरून बसले. माय म्हणाली, "येसर खारट झाला काय?" अण्णा म्हणाले, "न्हाय." मग म्हणाले, "निमे, ह्या साली पाचांत शरणम्मा लिही. आन् आईक गं, तू बी. म्या येडाईला म्हणलंय, ह्यो पिच्चर पाचांत बसला तर त्यो देवीचाच कौल. पोरगी शिकंल. न्हाय बसला तर तुझा भाऊ म्हणतोय ते खरं." माय म्हणाली, "पिच्चरवर पोरीचं ठरवायलाव? डोकं ठिकाणावर हाय का?" अण्णा तिला समजावू लागले. गोष्ट ऐकून त्यांच्या काळजात कालवाकालव झाली हे खरं, पण त्यांचं काळीज म्हणजे एका न्हाव्याचं काळीज, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? तिकडे मुंबईत शिकलेली, जाणती माणसं बसतात. त्यांनीही याच गोष्टीला मान दिला, तर मग अण्णांना जे वाटलं ते काही खुळेपण नव्हे. अण्णांना स्वतःवर विश्वास ठेवायला कुणाची तरी साक्ष पाहिजे होती, एवढंच. आज मला हे कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की माझं कॉलेज आता एका पिक्चरच्या पदराला बांधलं आहे.

मी कुपन भरलं. डाकूंचा, वकिलाचा, दोन भावांचा, आंधळ्या गवयाचा आणि पाचवा शरणम्मा. पण टपालपेटीत टाकण्याआधीच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. साप्ताहिकाचा एकही अंक मी जाहिरातीसकट वाचल्याशिवाय सोडत नसे, आणि शरणम्मा नावाचा पिक्चर मला कुठंच दिसला नव्हता. जुने अंक उपसले. नव्हता. मग मी मनाची समजूत घातली, की बक्षिसाचे पिक्चर असेच असतात, आपल्याकडे फिरकत नाहीत, त्यांची नावंही अशीच खेड्यातल्या बायकांची असतात. अण्णांना मी काही बोलले नाही. माझी गरज होती ना. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला असलेली मी बाजूला ठेवली.

संक्रांत झाली, ज्वारी हुरड्यावर आली, आणि यादीचा अंक आला. कंडक्टरनं तो माझ्याच हातात दिला. दुकानात अण्णा होते, काडाप्पा शेठ खुर्चीवर होते, बाकावर दोघं वाट बघत होते. माय पडद्यापाशी येऊन उभी राहिली. "वाच," अण्णा म्हणाले. मी पान उघडलं. डाकूंचा होता. वकिलाचा होता. दोन भावांचा होता. आंधळ्या गवयाचा होता. आणि पाचवा कुठलासा समुद्रकाठच्या डॉक्टरचा. शरणम्मा नव्हती. अण्णांनी वस्तरा मिटून ठेवला होता आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शाळेत निकाल ऐकायला बापलोक उभे राहतात तसे.

मी वाचलं. "डाकूंचा. वकिलाचा. आंधळ्या गवयाचा. डॉक्टरचा म्हणून एक हाय." मग एक श्वास घेऊन म्हणाले, "आन् शरणम्मा." दोन भावांच्या पिक्चरचा मी बळी दिला. पाचही जुळली म्हटलं असतं तर मुंबईचं बोलावणं कुठं आहे असं सगळ्यांनी विचारलं असतं, एवढी अक्कल मात्र मला वेळेवर सुचली. "परत चारच व्हय रं," काडाप्पा शेठ म्हणाले. पण अण्णांना चाराचं काही नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जोडून येडाईच्या डोंगराकडे तोंड केलं. त्यांचे डोळे भरले होते. मी अंक छातीशी धरून घरात आले, तर माय माझ्या मागोमाग आत आली, अंक हातातून घेतला, ते पान काढून वाचलं. माय हळू वाचायची, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पान फाडून त्याची घडी घातली आणि विचारलं, "चुलीत घालू का ठिवू?" तिनं घडी मिठाच्या बरणीखाली सरकवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. स्थळ तिच्या भावानं आणलं होतं, हे मी विसरले नव्हते. तीही विसरली नव्हती.

मामा आला. अण्णा त्याला ठामपणे म्हणाले, "पोरगी शिकंल. येडाईचा कौल मिळालाय." मामानं कौल कसा मिळाला ते ऐकून घेतलं आणि न जेवता उठला. "पिच्चरच्या नादानं पोरीचं वाटुळं करायलाव दाजी," असं तो एसटीत चढताना म्हणाला. त्यानंतर माझं परीक्षेत लक्ष लागायला हवं होतं, पण मला घास गोड लागेना. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. शरणम्मा पाचांत बसली. एका डायवरनं सांगितलेला पिच्चर म्या वळकला. ते आनंदानं सांगत आणि मी पडद्याआड पुस्तकात तोंड घालून बसायची.

परीक्षेला चार दिवस होते तेव्हा, या खेपेला दोन-अडीच महिन्यांनी, गुरप्पाचा ट्रक दुकानासमोर थांबला. काडाप्पा शेठ त्या वेळी बाकावर बसून पान खात होते. गुरप्पा पायरी चढतोय न चढतोय तोच अण्णा म्हणाले, "गुरप्पा, तुमचा पिच्चर पाचांत बसला की ओ. मुंबईत निवडला त्येनी. शरणम्मा." गुरप्पा तिथंच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे मी अजूनही पाहू शकत नाही, म्हणजे आठवणीतसुद्धा. त्याला आधी काही कळेना. मग कळलं. आणि मग क्षणभर, देवाशपथ सांगते, त्याला ते खरं वाटलं. आपल्या लेकीची गोष्ट कुणीतरी मोठ्या माणसांनी ऐकली, असं त्याला वाटलं. "मुंबईत?" तो म्हणाला. "निवडले?" मग तो खुर्चीवर बसला नाही, दारातल्या पायरीवरच बसला आणि त्यानं टोपी काढून हातात धरली.

आता काडाप्पा शेठ. जातीनं व्यापारी, घरात बायकोशी कानडी बोलणारे, मराठी आणि कानडी दोन्ही लिपी वाचणारे. ते पान चघळत समोरच्या ट्रककडे बघत होते. ट्रकच्या कपाळावर पिवळ्या रंगात मोठी गोल गोल अक्षरं होती. आम्ही ती वर्षानुवर्षं पाहिली होती, आमच्या लेखी ती सगळी जिलेबीच. देवाचं नाव असेल असं धरून चाललो होतो. शेठ म्हणाले, "भानुदासा, तुझा पिच्चर तर ह्या गाडीवर लिव्हलाय की. शरणम्मा." अण्णा म्हणाले, "काय बोलायलाव शेठ?" "अरं, वाचून दाखवायलोय. कपाळावर बग. शरणम्मा."

एक एसटी येऊन गेली. गुरप्पा खाली मान घालून म्हणाला, "पिच्चर न्हाय अण्णा. माजी लेक हाय. म्या पिच्चरबिच्चर बगत न्हाय. आपली म्हणून सांगाया जीभ उचलत न्हवती. तुमी इचारलाव, तर पिच्चर म्हणून सांगिटलो. माफी करा." अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते पडद्याकडे वळून म्हणाले, "निमे, यादी आण. परत वाच." मी बाहेर आले खरी, पण हातात यादी नव्हती. मायनंच बरणीखालची घडी आणून माझ्या हातात दिली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मी वाचलं. दोन भावांचा पिक्चर त्याच्या जागी परत घातला. शरणम्मा म्हटलं नाही. संपल्यावर मी म्हणाले, "म्या खोटं वाचलं, अण्णा."

काडाप्पा शेठ मोठ्यानं हसले. माणूस वाईट नव्हता, पण संधी सोडणारा नव्हता. "भानुदासा, जल्मभर लोकांची केलीस. आज तुझीच बिनपाण्यानं झाली की रं. एका बाजूनं डायवरनं, दुसऱ्या बाजूनं लेकीनं." अण्णांनी हनुवटीवरून हात फिरवला. "झाली ती बरी झाली शेठ," ते म्हणाले. "वाढलीच हुती."

मामाला निरोप धाडतील, असं मला वाटत होतं. कौल तर खोटा ठरला होता. अण्णांनी गुरप्पाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, कापड बांधलं, ब्रशनं साबण फेसाळायला घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "म्या येड्यावानी मुंबईच्या माणसांची साक्ष मागत हुतो. आरं, ज्येची गोष्ट त्यो हितं खुर्चीवर बसलाय. ह्येच्याहून मोठी साक्ष कुठली? यादीत न्हाय तर न्हाय." मग मला म्हणाले, "आन् तू. खोटं वाचाया लई झटक्यानं शिकलीस. आता खरं वाचाया शिक. कळंबला जा." माय पडद्याला धरून उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. गुरप्पा डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या साबण लावलेल्या गालावरून पाणी वाहत होतं. अण्णांनी ते पुसलं नाही. त्यावरूनच अलगद वस्तरा फिरवला.

मामा दोन वर्षं बोलला नाही, मग बोलायला लागला. त्या स्थळाच्या मुलाचं पुढे चांगलं झालं. मी पुढं शिकले, शिक्षिका झाले, तीस वर्षं जिल्ह्यातल्या शाळांत शिकवलं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव झाला, पण वर्गात दहावीच्या बाकावरची पोरगी एप्रिलनंतर दिसणार की नाही, हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत तसाच होता. अशा किती पोरींच्या घरी मी गेले असेन. गेले की अण्णांसारखी गप्प बसून आधी बापाला बोलू द्यायची. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्यात अण्णांचा, मायचा आणि एका परमुलखातल्या ड्रायव्हरच्या एका खोट्याचा वाटा आहे. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठं देणं ज्या बाईचं, तिला मी कधी पाहिलंही नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी गुरप्पाचा ट्रक जालन्याकडून येऊन आमच्या दारावरून पुढं गेला. या खेपेला जालन्याला जातानाही तो दाढीला थांबला नव्हता, म्हणून अण्णांना वाईट वाटलं. थोड्या वेळानं पाहतो तर तो ट्रक वळवून परत आलेला. गुरप्पा खाली उतरला तो दुकानात न जाता सरळ घराच्या दारात आला. मी धुणं वाळत घालत होते. त्यांच्याकडे लेकीलाही अव्वा म्हणतात, तसं तो मला म्हणाला, "अव्वा, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं." तो धापा टाकत होता. "जालन्याला जाताना शरणम्माच्या गावाला थांबलो हुतो. तिनं पाणी आणली. म्या तिला सांगिटलो, येरमाळ्यात एक पोरगी हाय, तुजी गोष्ट आयकून तिच्या बापानं तिला शाळंत ठिवलं. तांब्या परत घेताना ती बोलली बग. पाच वर्सानं बोलली. म्हणली, कितवीत हाय ती? मला ठावं न्हवतं. आता परत जाताना ती इचारंल."

"अकरावीत," मी म्हणाले. "अकरावीत हाय म्हणून सांगा काका."